पाट्या तुझ्या, फळी माझ्याकडे

नेगोशिमा, धक्क्याजवळचं दुकान
जुलैचे शेवटचे दिवस

प्रिय सेइगो,

तुझा खुबा कसा आहे? आधी त्याचं सांग, मग तुझं. डॉक्टरांनी आत बसवलेली ती धातूची वस्तू पाऊस यायच्या आधी ठणकते की येऊन गेल्यावर? आधी ठणकत असेल तर लगेच कळव, कारण मच्छीमार संघाच्या रेडिओवर आता कोणाचाच विश्वास उरलेला नाही. तुझ्या लेकाचं, नाओफुमीचं, पोट बरं आहे ना? लहानपणी त्याला कच्ची कालवं सोसायची नाहीत आणि हवी मात्र तीच असायची. सूनबाईंची अवघडलेली मान सुटली का? जाड्या मिठाची गरम पुरचुंडी करून शेक असं मी चिहारुला फोनवर स्वतः सांगितलं होतं, पण तुझ्या सुनेने ते केलं नसणार. शहरातल्या घरात मीठ असतं, जाडं नसतं. छोट्या नातीचे, कोहारुचे, पुढचे दात आले की अजून फटीतून शिट्टी वाजवते? आणि सगळ्यात शेवटी विचारते, तुझा राग कसा आहे? त्याला काही उतार पडला, की तोही तुझ्यासारखाच गादी धरून बसलाय?

इकडचं म्हणशील तर माझे गुडघे जसे होते तसेच. दुकान चालतंय. तुझा बोका गोमा धडधाकट आहे, उलट जाडच झालाय. सकाळी उठून तुझ्या बंद दारासमोर जाऊन बसतो, भूक लागली की उतारावरून माझ्याकडे येतो, माशाचं डोकं खातो, तोंड पुसतो आणि परत तुझ्या दारात. निष्ठा तुझ्यापाशी आणि पोट माझ्यापाशी, असा त्याचा कारभार आहे. तुझ्या मागच्या अंगणातली वांगी मी काढून वाटली. काही माझ्याकडेच राहिली, ते वेगळं सांगायला नको.

परवा हिरोशिमाहून चिहारुचा फोन आला होता. बिचारी इतक्या दबक्या आवाजात बोलत होती की तू पलीकडच्या खोलीत आहेस हे मला न सांगताच कळलं. म्हणाली, “फुसाएकाकू, बाबा बेटावर परत यायचं नाही म्हणतात. घर काढून टाका म्हणतात.” मी म्हटलं, “खुबा जुळला ना?” म्हणाली, “जुळला.” “जिना चढतात?” “चढतात.” “मग पाय ठीक आहेत, डोक्यात काय शिरलंय ते सांग.” तेव्हा तिने ते टीव्हीचं सांगितलं.

इस्पितळाच्या वॉर्डात तो हसवणुकीचा कार्यक्रम लागला होता म्हणे, ठिकठिकाणच्या चुकलेल्या इंग्रजी पाट्यांचा. सगळा वॉर्ड हसत होता, प्लास्टरातले पाय टांगल्या जागी हलत होते. तूही हसत होतास. सगळ्यांत मोठ्याने तूच, असं चिहारु म्हणते. मग एका कड्याजवळची पाटी आली. शेवटच्या अक्षराचा फराटा लाटेसारखा वर वळवलेला, बोटीच्या नाकाडावर नाव लिहिताना तू वळवतोस तसा. तिथे तुझं हसू थांबलं, बाकीच्यांचं चालूच राहिलं. नंतर तू म्हणालास म्हणे, “इतकी वर्षं सगळं जग माझ्यावर हसत होतं आणि बेटावरच्या एकानेही मला सांगितलं नाही.”

अरे शहाण्या, बेटावरच्या एकाला कळत असतं तर सांगितलं नसतं का? शाळा बंद झाली तेव्हा इंग्रजीचे मास्तर शेवटच्या बोटीने गेले, आणि आपल्याला जे काही इंग्रजी येत होतं ते त्यांच्या ट्रंकेतून गेलं. मी तर शाळा सुटल्या सुटल्या कालवं फोडायला बसले. पुढे जे वाचायला शिकले ते मासळी गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर, आणि त्यात बातमीचा शेवट नेहमी ओला होऊन फाटलेला असायचा. सायकलवाले परदेशी बोटीतून उतरायला लागले तेव्हा वस्तीच्या बैठकीत ठरलं की त्यांच्यासाठी पाट्या हव्यात. बोटींवर नावं रंगवणारा बेटावर एकटा तू. तू ते जाडजूड शब्दकोश घेऊन बसलास, हिवाळाभर कागदावर अक्षरं काढलीस, आणि ते कागद वस्तीच्या सूचनांच्या फिरत्या फळीला लावून घरोघरी पाठवलेस. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि पाहिल्याची खूण म्हणून आपापल्या नावाचे शिक्के मारले. पाहिलं म्हणजे काय पाहिलं? अक्षरं सरळ आहेत का, दोन अक्षरांत जागा सारखी आहे का, पाटीचा तोल जातोय का. त्यात तुझा हात धरणारा नाही. अर्थ बघायचा असतो हे कोणाच्या गावी होतं!

आणि हसण्याचं म्हणशील, तर आम्हांला वाटायचं हे परदेशी लोक स्वभावानेच हसरे. बोटीतून उतरले की हसतात, न्हाणीघराबाहेर हसतात, माझ्या दुकानात पाटी वाचून हसतात आणि मग पोटभर खातात. मी म्हणायची, किती गुणी माणसं. एकदा एका उंच बाईने माझी पाटी वाचून, ऑक्टोपसकडे बोट दाखवून, खुणांनी काहीतरी विचारलं. मला वाटलं, नाव विचारतेय. आता तळलेल्या ऑक्टोपसला नाव काय सांगायचं? घाईत होते, तोंडात पहिलं आलं ते सांगितलं, “सेइगो.” ती इतकी खूष झाली की काही विचारू नकोस. पुढच्या टोळक्याला तिनेच सांगून ठेवलं असणार, कारण तेव्हापासून लोक येतात आणि “सेइगो, प्लीज” म्हणतात. तुझ्या नावाने रोज किती ऑक्टोपस तळले जातात याचा हिशेब मी ठेवत नाही. तू रागावशील म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. आता रागावलाच आहेस, तर त्यातच हेही घालून टाक.

तर बातमी अशी की त्या कार्यक्रमानंतर पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नगर कार्यालयातून एक बाई आल्या. इगाराशी नाव. वय नाओफुमीपेक्षाही कमी, वागणं इतकं अदबीचं की चपला काढतानाही चपलांची माफी मागतील. सभागृहात सगळे जमलो. त्यांनी पडद्यावर पाट्यांचे फोटो दाखवले आणि एकेकीचा अर्थ सांगितला, पण अशा आवाजात, जशी काही घरात कोणी आजारी आहे.

धक्क्यावरची पाटी, जिथे आपण ‘बोट तुम्हाला बसवून घेईपर्यंत इथे थांबा’ म्हटलंय असं आपल्याला वाटत होतं, तिथे ‘सीट्स’चं पहिलं अक्षर गळून ‘ईट्स’ उरलंय. आता ती म्हणते, ‘बोट तुम्हाला खाईपर्यंत इथे थांबा.’ न्हाणीघराच्या दारावर ‘सोप’चं ‘सूप’ झालंय, म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वांनी अंगाला सूप लावावं. देवळाच्या पायऱ्यांवर प्रार्थना शांतपणे करा असं हवं होतं, तिथे ‘प्रे’चं ‘प्ले’ होऊन लोकांना शांतपणे खेळायला सांगितलंय. माझ्या दुकानावर ‘फ्राइड’चं ‘फ्रेंड’ झालंय, म्हणजे मी इतकी वर्षं ऑक्टोपस मित्र विकतेय. तरीच ती बाई नाव विचारत होती! आणि कड्याजवळ ‘डेंजर’च्या जागी ‘डान्सर’. पुढे नर्तक आहे, जवळ जाऊ नका.

कोणी हसलं नाही, सेइगो. तुझ्या कानावर आणखी काही आलं असेल तर ते खोटं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग इगाराशीबाईंनी फार हळू विचारलं, “या पाट्या कोणी लिहिल्या, हे कळू शकेल का? फक्त नोंदीसाठी.”

नोंद हा शब्द ऐकला आणि सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. तू इथे नाहीस, खुबा मोडून पडलायस, आणि त्यात कार्यालयाच्या कागदावर तुझं नाव जाणार? पहिला उठला तो तेत्सुझो. ज्याच्या बोटीचं नाव तू चारदा रंगवलंस आणि ज्याने चारही वेळा एकच रंग सांगून दुसराच आणला, तो. छाती काढून म्हणाला, “नर्तकाची पाटी माझी.” मिझोबे अध्यक्षाच्या खुर्चीतून कुजबुजला, “तेत्सुझो, तुला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही.” तेत्सुझो म्हणाला, “म्हणून तर चुकली!”

मग न्हाणीघराची किनुयो उठली. म्हणाली, “सूप मी सांगितलं. आमच्या सासूबाई माशाच्या काढ्याने पाय चोळायच्या. तुम्हां शहरातल्या लोकांना काय ठाऊक.” तिच्या सासूला मी माझ्या लग्नाआधीपासून पाहिलंय, ती पायाला काय पाणीसुद्धा लावायची नाही. पण किनुयो इतक्या ठामपणे बोलली की दोघीतिघींनी माना डोलावल्या. धक्क्याच्या पाटीवरून तर भांडणच लागलं. एक म्हणे, पाटी डावीकडे झुकत होती म्हणून अक्षर मी काढायला लावलं. दुसरा म्हणे, तू कुठला, तू त्या दिवशी स्क्विड पकडायला गेला होतास, अक्षर मी काढायला लावलं. गळलेलं अक्षर एक आणि ते काढणारे हात इतके, की सगळ्यांनी खरंच ओढलं असतं तर पाटी समुद्रात गेली असती. मीही ओरडून घेतलं, “ऑक्टोपस माझा मित्र आहे, यात चूक काय?” इगाराशीबाईंची पेन्सिल आधी भरभर चालत होती, मग हळू झाली, मग त्यांनी ती खाली ठेवली. म्हणाल्या, “पाचच पाट्या आणि इतके लेखक?”

त्यावर देवळातले एन्काइबुवा उठले. तुला माहीतच आहे, बुवा उठायला लागले की उठून होईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं. म्हणाले, “बाई, देवळात शांतपणे खेळा, हे मलाच म्हणायचं होतं. बेटावर पोरं राहिली नाहीत. प्रार्थना करणारे म्हातारे पुष्कळ आहेत. ती पाटी वाचून परदेशी पोरं पायऱ्यांवर लगोरी मांडून बसतात, आणि खरंच आवाज करत नाहीत, कुजबुजून खेळतात. मी त्यांच्यासाठी चेंडूसुद्धा आणून ठेवलाय. आता त्या जागी प्रार्थना करा असं लिहाल तर माझ्या चेंडूचं काय?”

चेंडूचं काय म्हटलं आणि मिझोबे फुटला. मिझोबे! जो बैठकीत शिंकायचं असलं तरी आधी परवानगी मागतो. मग तेत्सुझो, मग किनुयो, मग मी. सभागृहाच्या सरकत्या दारांचे कागद थरथरले असं हसलो. इगाराशीबाई तोंडावर फाईल धरून हसत होत्या, फाईल हलत होती. बोट खाईपर्यंत थांबा! मला तर श्वास धरता येईना. आणि हसता हसता मी त्या कोपऱ्याकडे वळले, किटलीजवळ, जिथे तू भिंतीला पाठ लावून बसतोस आणि कोणी काही विनोद केला की सगळ्यांच्या मागून हसतोस. बघते तर सगळेच तिकडे वळले होते. किटली होती, उशी होती, तू नव्हतास. हसू असं गपकन खाली बसलं, सेइगो, की मिझोबेने उगाच पंखा बंद केला आणि पुन्हा लावला.

तेव्हा मी तुला असं लिहिणार नाही की लोक हसत नाहीत. हसतात. आम्हीही हसलो, आणि पोटभर हसलो. माझा पदार्थ खारट झाला की तू काय करायचास? पाण्याचा तांब्या उचलून, “आज समुद्र लवकर भरतीला आला,” म्हणायचास, आणि पान चाटूनपुसून संपवायचास. मी रागावून कधी दुकान बंद केलं का? टीव्हीवरचे लोक तुला ओळखत नाहीत म्हणून त्यांचं हसू तुला लागलं. आमचं हसू ऐकायला तू इथे हवा होतास, म्हणजे कळलं असतं.

पुढचं ऐक. इगाराशीबाई डोळे पुसून म्हणाल्या की कड्याजवळची पाटी बदलावीच लागेल, कारण तिथे खरोखर दगड सुटतात आणि लोक नर्तक बघायला पुढे जातात. हे सगळ्यांना पटलं. त्या म्हणाल्या, छापील पाटी पाठवते. तर सभागृहात एकसुरात, “पाट्या सेइगो रंगवतो.” झालं, इतक्या मेहनतीने लपवलेलं नाव सगळ्यांनी मिळून सांगून टाकलं! इगाराशीबाईंनी ते कागदावर उतरवलं नाही, एवढं मात्र मी पाहिलं. बाकीच्या चार पाट्या तशाच ठेवायच्या असतील तर त्यांनी एक अट घातली. पाट्यांची जबाबदारी आमची, असा वस्तीचा ठराव हवा, आणि त्यावर प्रत्येक घराचा शिक्का हवा. एकही घर सुटता कामा नये.

मिझोबेने दुसऱ्याच दिवशी ठराव फिरत्या फळीला लावला आणि फळी निघाली. धक्क्यापासून सुरू होऊन, खालच्या आळीने, माझ्याकडे आली. माझ्यानंतर तुझं घर, तिथून किनुयोचं, आणि मग वर देवळापर्यंत. माझा शिक्का मी मारला. आणि तेवढ्यात मिझोबे दुकानात येऊन बसला, नूडल्स मागवल्या आणि नूडल्सकडे बघत म्हणाला, “फुसाएबाई, नाओफुमीचा निरोप आलाय. सेइगोसान घर सोडतायत. रिकाम्या घराचा शिक्का लागत नाही. तुम्ही ते घर फळीवरून खोडा आणि फळी किनुयोकडे द्या. म्हणजे ठराव या आठवड्यात होऊन जाईल.” मिझोबे वाईट नाही, तूही जाणतोस. नियमाबाहेर पाऊल पडलं की त्याला घेरी येते एवढंच. पण त्याने खिशातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि माझा हात काही त्या पेनाकडे जाईना.

मी म्हटलं, “फळीच्या मागे काय लिहिलंय ते वाच.” त्याने फळी उलटली. मागे त्याच्याच वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, फळी शेजाऱ्याच्या हातातच द्यावी. मिझोबे म्हणाला, “अहो, हे कोणी पाळत नाही. सगळे पत्रपेटीत टाकून जातात.” मी म्हटलं, “मी पाळते. माझा शेजारी सेइगो. त्याचे हात हिरोशिमात आहेत. हात आले की फळी देईन.” तो म्हणाला, “पोस्टाने पाठवा.” मी म्हटलं, “पोस्टमनचे हात शेजाऱ्याचे नाहीत.” त्याने सगळ्या नूडल्स संपवल्या, रस्सा प्यायला, आणि पेन परत खिशात घालून निघून गेला. आता रोज सकाळी येतो. तांदळाच्या पिंपावर ठेवलेल्या फळीकडे बघतो, उसासा टाकतो आणि नूडल्स मागवतो. तू आला नाहीस तर माझं बरंच चालेल म्हणायचं.

पण वरच्या आळीचे हाल विचारू नकोस. फळी माझ्याकडे अडली, म्हणजे तिला लावलेल्या बाकीच्या सूचनाही अडल्या. कचऱ्याचे वार बदलले ते खालच्या आळीला ठाऊक, वरच्यांना नाही. त्यांनी बाटल्यांच्या दिवशी माशांची आतडी बाहेर ठेवली, आणि तुझ्या गोमाने आपल्या सगळ्या नातेवाइकांना बोलावून घेतलं. बोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाची तालीम किनुयोला कळलीच नाही. ती भलत्याच संध्याकाळी नाचाचा सुती युकाता नेसून मैदानात एकटी उभी. परत जाताना माझ्या दारात थांबून म्हणाली, “फुसाएताई, नर्तक बघायचा असेल तर कड्यापर्यंत जायची गरज नाही.” वर आणखी, “मी भांडायला आले नाही. तुम्ही फळी दिली नाहीत तेच बरं केलं. पण त्याला म्हणावं जरा लवकर.” कड्याजवळ मिझोबेने तोवर लाल फडकं बांधून ठेवलंय. लाल फडक्यामुळे नर्तक अधिकच खरा वाटतो आणि लोक दुप्पट फोटो काढतात, पण निदान लांबूनच काढतात.

आणि बोन दोन आठवड्यांवर आलाय. तुझी हारुको घरी येईल. पितरांना वाट दिसावी म्हणून तू दरवर्षी फाटकावर तिच्यासाठी कंदील लावतोस. यंदा तिला अंधार दिसेल, दाराला कुलूप दिसेल, दारात फक्त बोका दिसेल. मग ती कुठे जाणार? माझ्याकडेच येणार, जिवंतपणी मीठ उसनं मागायला यायची तशी. माझे हे आधीच येऊन बसलेले असतील, त्यांना हारुकोशी गप्पा मारायला आवडायचं. दोघं मिळून मला विचारतील, सेइगो कुठे गेला? मी काय सांगू? टीव्हीवर चार अनोळखी माणसं हसली म्हणून घर टाकून गेला, असं मला तिला सांगता येणार नाही. तू एकदा तिच्या वाढदिवसाच्या केकवर क्रीमने इंग्रजीत काय लिहिलं होतंस ते देव जाणे, पण त्याचा फोटो तिने मरेपर्यंत देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते लिहिते, म्हणजे सुटले. फळी कोणीही पुढे नेऊ शकतं. मलाही, खरं सांगायचं तर, ती किनुयोकडे न्यायला काही झालं नसतं. एकदा निघालेही होते. तुझ्या फाटकापर्यंत पाय नीट चालले, त्यापुढे जाईनात. आपली दोन्ही माणसं गेल्यापासून ही फळी मी तुझ्या दारात आणते. पत्रपेटीत टाकून जाता आलं असतं. मी हाक मारायची, आणि तू म्हणायचास, “थांब फुसाए, शिक्का कुठे ठेवलाय सापडत नाही, तोवर बस.” मग तू शोधायचास. कपाटात, शब्दकोशात, चहाच्या डब्यात, एकदा तर भाताच्या कुकरात डोकावलास. तोवर पाणी उकळायचं, बार्लीचा चहा व्हायचा, बोका मांडीवर यायचा, समोरच्या समुद्राचा रंग बदलायचा. आणि शिक्का सगळा वेळ तुझ्या शर्टाच्या खिशात असायचा. तुझ्या त्या जुन्या शर्टांच्या कापडातून त्याचा गोल स्पष्ट दिसतो, सेइगो. पहिल्या दिवसापासून दिसतोय. तू म्हणालास ना, इतकी वर्षं कोणी काही सांगितलं नाही? इंग्रजी पाट्या मला वाचता येत नव्हत्या, पण ही एक येत होती. दुरुस्त करावी असं मला कधी वाटलं नाही, म्हणून बोलले नाही. तेव्हा बोनच्या आधी ये. शनिवारच्या सकाळच्या बोटीने आलास तर मी धक्क्यावर असेन, बरोबर त्या पाटीखाली, बोट मला खाईपर्यंत थांबेन. कोणत्या बोटीने येतोस ते दोन ओळींत लवकर लिहून कळव. येताना शिक्का आठवणीने आण, आणि आणलास तरी सापडत नाही म्हण.

तुझीच,
फुसाए